पाहिले ते आणि समजले ते
(रहस्यपटाच्या आरंभाविषयी)

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. अक्कलकुव्याला आषाढातला पाऊस लागला, की सातपुड्याचे डोंगर दिवसचे दिवस दिसेनासे होतात आणि मोलगीकडचा घाटरस्ता केव्हा अडेल याचा नेम राहत नाही. अशाच एका शनिवारी आमच्या धर्मग्रामातील तरुण मुलामुलींचा मेळावा ठरला होता. मुले आली, व्याख्याते मात्र पावसात अडकले. सभागृहात पंचवीसएक तरुण, एक प्रोजेक्टर, इन्व्हर्टरवर चालतील असे दोन तास आणि भरून काढायची एक दुपार, एवढेच हाताशी होते. सेमिनरीत शिकत असताना कोलकात्याच्या फादर गास्तों रोबेर्ज यांचे नाव आम्ही आदराने ऐकत असू. या येशूसंघीय धर्मगुरूंनी 1970 साली ‘चित्रबानी’ ही संस्था उभारली आणि चित्रपट हा नुसता पाहायचा नसून वाचायचाही असतो, हे दोन पिढ्यांना शिकवले. त्यांची आठवण झाली आणि मी मुलांना म्हटले, “आज पूर्ण चित्रपट नाही. फक्त सुरुवाती पाहू. रहस्यपटांच्या.”

खेळाचा नियम एकच होता. दहाएक मिनिटांनी चित्र थांबवायचे आणि प्रत्येकाने आधी ‘मी काय पाहिले’ ते सांगायचे. ‘मला काय समजले’ ते मागाहून. नियम सोपा वाटला, पण पाळणे फार अवघड गेले. पाहिलेले सांगता सांगता मुले नकळत समजलेले सांगू लागत. कोणी म्हणे, “खुनी पळाला.” मी विचारी, “खुनी दिसला का?” उत्तर येई, “नाही. एक माणूस चालताना दिसला.” त्या दुपारी माझ्या ध्यानात आले, की रहस्यपटाच्या आरंभाचे सारे शास्त्र या एका फटीत सामावलेले आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि मनाने समजलेले यांच्यामध्ये जी बारीक फट असते, तिच्यात दिग्दर्शक आपले बोट घालतो. पुढील विवेचनात काही चित्रपटांची रहस्ये उघड करणे भाग आहे. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांची आधीच क्षमा मागतो.

रहस्यपटाच्या सुरुवातीबद्दल एक समज रूढ आहे. पहिल्याच दृश्यात किंकाळी हवी, प्रेत हवे, पाठलाग हवा. प्रेक्षक खुर्चीला खिळला पाहिजे. हा समज अगदीच निराधार आहे असे नाही. विजय आनंद यांच्या ‘तीसरी मंझिल’ (1966) या चित्रपटात पडदा उजळतो तोच रात्री भरधाव येणाऱ्या मोटारीने. तीतून उतरलेली तरुणी हॉटेलचे जिने धावत चढते आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली कोसळते. तिने उडी टाकली की तिला ढकलले? एका प्रश्नावर सारा चित्रपट उभा राहतो. तथापि नीट पाहिले, तर येथेही खिळवून ठेवते ती किंकाळी नव्हे. आपण तिला धावताना पाहिले आणि पडताना पाहिले. मधला क्षण आपल्याला दिलेला नाही. धक्का क्षणभर टिकतो, न दिलेला क्षण मात्र दोन तास पुरतो.

राज खोसला यांच्या ‘वह कौन थी’ची (1964) सुरुवात आमच्या मुलांनी श्वास रोखून पाहिली. वादळी पाऊस, रस्त्यात उभी असलेली पांढऱ्या वस्त्रांतील स्त्री, तिला मोटारीत घेणारा डॉक्टर. काचेवरचा पाणी पुसणारा दांडा बंद पडतो, डॉक्टरला पुढचे दिसेनासे होते. ती मात्र रस्ता सांगत राहते. शेवटी ती उतरते कुठे, तर कब्रस्तानाशी. भुताटकी दाखवणारे एकही यंत्रकौशल्य येथे नाही. साधने मोजावीत तर पाऊस, काच, एक दांडा आणि एक शांत आवाज, एवढीच. बंद पडलेला दांडा हे या दृश्याचे खरे मर्म आहे. त्या क्षणापासून डॉक्टर आंधळा होतो आणि त्याच्या बाजूला बसलेले आपणही आंधळे होतो. जिला दिसते तिच्यावर विसंबणे भाग पडते. पुढे कळते, की यात भूत कोठेच नव्हते, होता तो मालमत्तेसाठी रचलेला कट. म्हणजे पाहिले ते सारे घडलेच होते. समजले ते तेवढे चुकले.

याच सूत्राचा आपल्या मराठीतील ठसठशीत नमुना म्हणजे राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (1964). जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरून तो निघाला, काशिनाथ घाणेकर आणि भावना यांनी त्यात भूमिका केल्या आणि दोनच वर्षांनी राज खोसला यांनी ‘मेरा साया’ (1966) या नावाने तो हिंदीत नेला. दोन्हींचा पाया एक आहे. वकील असलेल्या नायकाची पत्नी आरंभीच मरण पावते. मग तिच्यासारखीच दिसणारी एक स्त्री गुन्हेगारांच्या टोळीतील म्हणून पकडली जाते आणि भर न्यायालयात सांगते, की मीच तुमची पत्नी.

येथे पटकथाकाराने काय साधले, ते पाहण्यासारखे आहे. पत्नीचा मृत्यू पुढे कोणाच्या तोंडून कळवता आला असता. भिंतीवरच्या तसबिरीला हार घालून सुचवता आला असता. तसे न करता तो आरंभीच, आपल्यासमोर घडवला आहे. ‘मेरा साया’त तर पत्नी पतीच्या बाहूंत प्राण सोडते. त्यामुळे न्यायालयात ती स्त्री बोलू लागते तेव्हा फक्त नायकच नव्हे, आपणही साक्षीदार असतो. आपण मनात म्हणतो, ‘हिचे खोटे आहे, मी स्वतः पाहिले आहे.’ आणि मग उलटतपासणी सुरू होते ती आपल्या डोळ्यांची. शेवटी उलगडते, की मेली ती पत्नी नव्हे, तिची जुळी बहीण. जुळ्या बहिणींची युक्ती आज कोणी वापरली तर आपण हसू. परंतु आरंभीच्या मृत्यूला साक्षीचे वजन देण्याची ती कल्पना अजूनही शिळी झालेली नाही.

आता आपल्या गोटातील एका चित्रपटाकडे वळतो. आल्फ्रेड हिचकॉक हे लंडनच्या येशूसंघीय सेंट इग्नेशियस महाविद्यालयात शिकलेले कॅथलिक. 1953 साली त्यांनी ‘आय कन्फेस’ काढला. चित्रपट सुरू होतो क्वेबेक शहराच्या आकाशरेषेवर. रिकामे रस्ते, आणि बाण काढलेल्या वाहतुकीच्या पाट्या. त्यांवर शब्द एकच, ‘दिशा’. बाणामागून बाण दाखवीत कॅमेरा आपल्याला एका खिडकीशी नेतो. आत जमिनीवर प्रेत, दारावरचा मण्यांचा पडदा अजून हलतो आहे. मग रस्त्यावरून जाणारा एक माणूस, अंगात धर्मगुरूचा झगा. थोडे पुढे जाऊन तो झगा उतरवतो आणि चर्चमध्ये शिरतो. तेथे फादर लोगन यांच्यापाशी तो पापनिवेदन करतो, की खून मी केला. संस्काराची गुप्तता पाळणारे फादर बोलू शकत नाहीत आणि संशयाचा फास हळूहळू त्यांच्याच गळ्याभोवती आवळत जातो.

या आरंभाची शिस्त विलक्षण आहे. पहिल्या काही मिनिटांत संवाद जवळजवळ नाहीत. हलणारा पडदा एकट्याने सांगून जातो, की खुनी आत्ताच बाहेर पडला. प्रेक्षकाला कोणी काही शिकवत नाही. एक बाण दाखवला जातो, तिकडे तो आपणहून वळतो. परंतु महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. येथे रहस्य आपल्यापासून लपवलेलेच नाही. खुनी कोण, हे आपल्याला आरंभीच ठाऊक आहे. ठाऊक नाही ते शहराला. वाटेवरच्या दोन मुलींनी झगा पाहिला, तो खराच होता. त्यावरून त्यांना समजला तो धर्मगुरू, तो खोटा. आणि आपण, फादर लोगन यांच्यासारखेच, सत्य जाणत असून काही करू न शकणारे. कोणाच्याही पापाचे ओझे गुपचूप वाहणे म्हणजे काय, हे माझ्यासारख्याला वेगळे सांगायला नको. पण सामान्य प्रेक्षकालाही ते ओझे दहा मिनिटांत खांद्यावर घ्यायला लावणे, ही किमया आहे.

हिचकॉक यांनी याच्या तीन वर्षे आधी मात्र एक चूक केली होती. ‘स्टेज फ्राइट’ (1950) या चित्रपटाच्या आरंभी एक पात्र घडलेली हकीकत सांगते आणि ती आपल्याला फ्लॅशबॅक म्हणून पडद्यावर दिसते. शेवटी कळते, की ती हकीकत सपशेल खोटी होती. प्रेक्षक रागावले. पुढे फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत ही गोष्ट करायला नको होती, असे त्यांनी स्वतःच मान्य केले. भेद सूक्ष्म आहे, पण साऱ्या कलेची नीती त्यात आहे. दिग्दर्शकाला लपवण्याची मुभा आहे, आपली समजूत चुकू देण्याचीही आहे. आपल्या डोळ्यांशी खोटे बोलण्याची नाही. पात्राने खोटे बोलावे, कॅमेऱ्याने बोलू नये.

या कसोटीवर आपल्या मराठी माणसांची अलीकडची कामगिरी पाहू. निशिकांत कामत यांचे 2020 साली अकाली निधन झाले. त्यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ला (2005) कोणी रूढ अर्थाने रहस्यपट म्हणणार नाही, परंतु आरंभातून ताण कसा निर्माण करावा, हे शिकायला तो उत्तम. बँकेतील कर्मचारी माधव आपटे यांचा दिनक्रम आपल्यासमोर येतो, पुन्हा येतो आणि पुन्हा येतो. तेच उठणे, तीच लोकल, तीच गर्दी, तेच घर. खून नाही, प्रेत नाही. पण संकलनाचा वेग आणि आवाजांची पुनरावृत्ती यांनी छातीवर जो दाब येतो, तो एखाद्या धमकीपेक्षा कमी नाही. ही दोरी तुटणार, हे आपल्याला कळते. कोठे, ते कळत नाही.

दहा वर्षांनी याच दिग्दर्शकाने ‘दृश्यम’ (2015) हिंदीत आणला. मूळ कथा जीतू जोसेफ यांच्या मलयाळम चित्रपटाची (2013). मूळ नायक जॉर्जकुट्टी हा केरळच्या डोंगराळ भागातील ख्रिस्ती गृहस्थ. कामत यांनी त्याला गोव्यातील विजय साळगावकर केले. मूळ चित्रपटाचा आरंभ असा आहे: नव्याने बांधलेल्या पोलीस ठाण्यात एक माणूस शांत बसला आहे. बस्स. नंतर कथा मागे जाते. अडीच तासांनी, अगदी शेवटी, आपल्याला कळते, की ज्या मृतदेहासाठी सारा जिल्हा खणला गेला, तो याच ठाण्याच्या जमिनीखाली आहे. म्हणजे उत्तर पहिल्याच चौकटीत, भर उजेडात, आपल्या डोळ्यांसमोर होते. दिग्दर्शकाने काहीच लपवले नाही. आपण त्या माणसाकडे पाहिले. त्याच्या पायांखालच्या फरशीकडे पाहिले नाही. ‘आय कन्फेस’चे बाण जर आपल्याला दिशा दाखवत असतील, तर येथे दिशाच नाही, आणि म्हणून आपण नेहमीच्या सवयीने माणसाच्या चेहऱ्याकडे पाहतो व फसतो.

हिंदी ‘दृश्यम’बद्दल तक्रार ऐकू येते, की पहिला भाग संथ आहे. केबलचा व्यवसाय, चौथी नापास पण चित्रपटवेडा बाप, मुलींचे हट्ट, घरचे जेवण. हा संथपणा दोष नव्हे. आरंभ म्हणजे पहिली पाच मिनिटे, ही व्याख्याच अपुरी आहे. गुन्हा घडेपर्यंतचा सारा भाग हा या कथेचा आरंभ आहे आणि त्यात एक काम चालले आहे: त्या माणसाला आपला करून घेण्याचे. त्याचे कुटुंब आपले झाले, की मग पुढे तो जे करील त्यात आपण भागीदार. नायकही साक्षीदारांशी नेमके हेच करतो. बसवाहक, हॉटेलमालक, चित्रपटगृहातील माणूस, यांपैकी कोणी खोटे बोलत नाही. त्यांनी हे कुटुंब खरोखरीच पाहिलेले असते. नायकाने त्यांच्या मनातला फक्त दिवस सरकवलेला असतो. 2 ऑक्टोबर ही तारीख तो त्यांच्या स्मरणात अशी पेरतो, की ते शपथेवर सांगतात. पाहिले ते खरे, समजले ते खोटे. हे सूत्र येथे तंत्र न राहता कथेचा विषयच बनले आहे.

तथापि माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती त्या दुपारी एका मुलीने माझ्याआधी बोलून दाखवली. ‘दृश्यम’ अनेकांनी पाहिला होता. ती म्हणाली, “फादर, शेवटी सगळे टाळ्या वाजवतात. मेलेल्या मुलाच्या आईला तिचा मुलगा कुठे आहे ते कधीच कळत नाही, त्याचे काय?” सभागृहात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मृत मुलगा निष्पाप नव्हता, हे खरे. त्याच्या पोलीस अधिकारी आईने सत्तेचा अमानुष वापर केला, हेही खरे. पण आपली सहानुभूती एकाच घराच्या उंबरठ्याशी बांधली गेली, ती आरंभाच्या त्या प्रेमळ जेवणाच्या ताटांनी. मला हा चित्रपट आवडतो. तरीही त्याच्या आरंभाचे कौशल्य जितके वाखाणावे तितकेच त्याच्याबाबत सावध असावे, असे मला वाटते. कारण आपण कोणासाठी रडायचे, हे चित्रपट फार लवकर ठरवून टाकतो.

श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’चा (2018) आरंभ याच्या दुसऱ्या टोकाचा, खेळकर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये घडलेल्या या दिग्दर्शकाने कथाही पुण्यातच बसवली. पण सुरुवात होते कोबीच्या शेतात. एका डोळ्याने अधू असलेला ससा, त्याच्यामागे बंदूक घेतलेला शिकारी. गोळीचा आवाज होतो, दृश्य तुटते आणि आपण थेट पियानो वाजवणाऱ्या अंध तरुणापाशी येतो. सशाचा या कथेशी संबंध काय? दोन तास कोणी सांगत नाही. बहुतेक प्रेक्षक ससा विसरूनही जातात. आणि मग तो अचानक परत येतो. शेवटी एक प्रश्न तसाच उरतो: ही हकीकत जो सांगतो आहे, त्याच्यावर विश्वास ठेवायचा का? ‘स्टेज फ्राइट’ची चूक राघवन यांनी येथे जाणूनबुजून, पण सावधपणे वापरली आहे. कॅमेरा खोटे बोलला की नाही, याचा निवाडा प्रेक्षकावर सोडला आहे, आणि तो निवाडा करण्यापुरते खुणेचे दगड वाटेत ठेवले आहेत. फसवणूक आणि कोडे यांच्यातील अंतर ते हेच. कोड्याला खुणा असतात.

आता ज्या चित्रपटासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येतो. गोविंद निहलानी यांचा ‘आक्रोश’ (1980). कथा-पटकथा विजय तेंडुलकर यांची. निहलानी मूळचे छायाचित्रकार, दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिला चित्रपट, आणि त्याचे छायाचित्रणही त्यांचेच. 1981 सालच्या भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णमयूर मिळाला. भाषा हिंदी असली, तरी तो आपला चित्रपट आहे. महेश एलकुंचवार, मोहन आगाशे, अरविंद देशपांडे, नाना पळशीकर, अच्युत पोतदार आणि स्मिता पाटील अशी मंडळी त्यात आहेत.

आरंभी एक चिता. लहान्या भिकू नावाच्या आदिवासी मजुराला पोलीस बेड्या घालून घेऊन आले आहेत, कारण चितेवर त्याची बायको आहे. त्याने अग्नी द्यायचा आहे. ओम पुरी यांचा तो चेहरा आणि ते डोळे. तो रडत नाही, बोलत नाही. ज्वाळा चढतात. इतकेच. पुढे कळते, की बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावरच आहे. भास्कर कुलकर्णी हा तरुण वकील त्याच्या बचावासाठी नेमला जातो, पण आरोपी त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. ‘खून कोणी केला’ या प्रश्नाच्या जागी ‘हा बोलत का नाही’ हा प्रश्न येऊन बसतो. मला ठाऊक असलेल्या रहस्यपटांत याहून खोल प्रश्नाने सुरू होणारा दुसरा नाही.

सेमिनरीत असताना हा चित्रपट मी प्रथम पाहिला. त्या आरंभाने माझ्या मनात काय घडवले, ते प्रामाणिकपणे सांगतो. बेड्या दिसल्या आणि मी समजून चुकलो, की यानेच बायकोला मारले असणार. दारू असेल, संशय असेल. पुढच्या दोन तासांत निहलानींनी माझी ती समजूत पार धुळीला मिळवली. त्या स्त्रीवर गावातील प्रतिष्ठितांनी अत्याचार केला होता, आणि बोलून उपयोग नाही हे लहान्याला पक्के ठाऊक होते. मला लाज वाटली. पण मी ती चित्रपटाच्या कौशल्याच्या खाती जमा केली आणि विसरून गेलो.

त्या पावसाळी दुपारी मी ‘आक्रोश’चा केवळ आरंभ दाखवला, पुढचा भाग त्या वयाच्या मुलांसमोर एकदम ठेवावा असा नाही. चित्र थांबवून विचारले, “काय पाहिले?” बाजारपेठेतल्या घरांतून आलेली दोन मुले चटकन म्हणाली, “आरोपी आहे. त्यानेच मारले.” माझीच जुनी चूक, माझ्याच शब्दांत. डोंगरातील पाड्यावरून आलेला, घरी पावरी बोलणारा एक मुलगा मागे बसला होता. तो सहसा बोलत नाही. त्याला विचारले, “तुला काय दिसले?” तो म्हणाला, “एवढे लोक होते तिथे. त्याला कोणी काही विचारलेच नाही.”

नियमाप्रमाणे त्याने फक्त पाहिलेले सांगितले होते. आणि त्या एका वाक्यात साऱ्या चित्रपटाचा उलगडा होता. लहान्या बोलत नाही, असे आम्ही म्हणत होतो. त्याला विचारले गेले नाही, असे त्या मुलाने पाहिले. मौन एका बाजूने आरोपीचे असते, दुसऱ्या बाजूने ते विचारणाऱ्यांचे असते. ज्या तालुक्यात घरची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि कोर्टकचेरीची तिसरी आहे, तेथे वाढलेल्या मुलाला दुसरी बाजू आधी दिसावी, यात नवल नाही. नवल हे, की इतकी वर्षे मला ती दिसली नव्हती.

‘आक्रोश’चा आरंभ श्रेष्ठ का, याचे उत्तर मला तेथे मिळाले. इतर आरंभ आपल्या बुद्धीला फसवतात आणि शेवटी उलगडा करून मोकळे करतात. येथे आपली फसगत कॅमेऱ्याच्या कोनातून झालेली नाही. ती आपण घरून घेऊन आलो होतो. निहलानींनी एक बेडी दाखवली, उरलेली कथा आपल्या पूर्वग्रहाने लिहिली. आणि या आरंभाला त्यांनी शेवटी जोड दिली आहे ती दुसऱ्या चितेची. लहान्याचा बाप मरतो, पुन्हा त्याला साखळदंडांत आणले जाते, पुन्हा अग्नी. या वेळी मात्र तो कुऱ्हाड उचलतो आणि स्वतःच्या तरुण बहिणीवर घालतो, कारण तिच्या वाट्याला काय येणार ते त्याने ओळखले आहे. मग तो ओरडतो. तोवर साठलेले सारे न विचारलेले प्रश्न त्या ओरडण्यात आहेत. त्या कृत्याचे समर्थन करता येत नाही. चित्रपटही ते करीत नाही. पहिल्या चितेपाशी कोणीतरी एक प्रश्न विचारला असता, तर कदाचित दुसरी चिता या रीतीने पेटली नसती, एवढेच तो सुचवतो आणि आपल्याला घरी पाठवतो.

आज मोबाइलच्या पडद्यावर दर आठवड्याला नवी रहस्यमालिका येते. बहुतेकींचा आरंभ ठरलेला: रक्ताने माखलेला देह, मग काळा पडदा आणि ‘सहा महिने आधी’ अशी पाटी. श्रेयनामावली तर वगळण्याचे बटणच देतात. प्रेक्षक निघून जाईल या भीतीने घातलेल्या या किंकाळ्या आहेत. त्यांना मी वाईट म्हणत नाही. त्या फक्त काही मागत नाहीत. चांगला आरंभ प्रेक्षकाकडून काहीतरी गहाण ठेवून घेतो, त्याची साक्ष, त्याची सहानुभूती, त्याची घाई. आणि शेवटी ते परत करताना त्याला दाखवतो, की बघ, तू काय ठेवले होतेस.

सहाच्या सुमारास इन्व्हर्टर संपला. मुले अंधारातच चर्चा करीत होती. पाऊस थोडा उघडला तेव्हा पाड्याकडे जाणाऱ्यांसाठी जीप आली. तो मुलगा जाताना थांबला आणि म्हणाला, “फादर, त्या माणसाचे पुढे काय होते?” मी सांगू लागलो, आणि मध्येच थांबलो. म्हटले, “आधी तू सांग. काय होत असेल?”

जीपचा चालक भोंगा वाजवीत राहिला. मुलगा बराच वेळ बोलत होता.